पट्टी उतरत गेली तो चैत्र

चैत्र लागला की आमच्या घरात संध्याकाळी मागच्या बाजूच्या खिडक्या लावल्या जातात. उकडत असतं, पंखा गरम हवाच फिरवत असतो, तरी लावल्या जातात. कोणी कोणाला सांगत नाही. कधी मी लावते, कधी माझे यजमान, आणि एकदोनदा मी खुद्द अवीला, माझ्या धाकट्या दिराला, कडी घालताना पाहिलं आहे. मावळात या दिवसांत गावोगाव जत्रा असतात, आणि जत्रा म्हटली की कर्णा आलाच. वारा आमच्या बाजूचा असला की अवीचं गाणं थेट ओट्यापर्यंत येतं. अवीच्याच आवाजात येतं. आणि अवी त्या ओट्याशी उभा राहून काकडी चोचवत असतो.

त्या गाण्यातल्या आवाजाचा आताच्या अवीशी काही संबंध आहे, हे नव्या माणसाला सांगून पटणार नाही. आता तो बोलतो तेव्हा शब्दांपेक्षा वारा जास्त येतो. वाळलेल्या पाचोळ्यावरून कोणी चालत जावं, तसं काहीसं. आम्हा घरच्यांना सवय झाली आहे. कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत तो थांबतो. मिक्सर लावायच्या आधी मी विचारून घेते, "तुला काही बोलायचंय का?" जेवताना टीव्हीचा आवाज बंद असतो, बातम्या आम्ही नुसत्या वाचतो. बाहेरच्या माणसांना मात्र त्याचं बोलणं बहुतेक कळत नाही, म्हणून बाहेर तो बोलतच नाही. उर्से टोलनाक्याच्या बाजूला त्याची नोकरी आहे, कॅमेऱ्यांचे पडदे बघत बसायची. तिथे बोलायची वेळ फारशी येत नाही.

मला गाण्यातलं फारसं समजत नाही. तळेगावच्या एका कारखान्यात मी स्टोअर्सचं काम बघते. जे मोजता येतं ते मला कळतं. त्या वर्षाबद्दल लोक बोलतात तेव्हा गाणं किती लाख लोकांनी पाहिलं हे सांगतात. मला त्या वर्षातला एकच आकडा आठवतो, आणि तो अगदी लहान होता.

तो चैत्र करोनानंतरचा. दोन वर्षं जत्रा भरल्या नव्हत्या. पुजारी देवापुढे नारळ फोडायचा आणि घरी जायचा. मग सगळं उघडलं, आणि प्रत्येक गावाला राहिलेल्या दोन्ही जत्रांची कसर एकदम काढायची होती. नेमकं त्याच्या आधीच्या दिवाळीत अवी आणि दत्तूचं गाणं या फोनवरून त्या फोनवर करत सगळ्या मावळात पोचलं होतं.

दत्तू आंदर मावळातला. तिकडे भातशेती, गुरंढोरं, आणि एसटी येईल की नाही यावर चर्चा. तो टेम्पो घेऊन लोणावळ्यातल्या हॉटेलांना दूध घालायचा. अवी तेव्हा एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर होता. शनिवारी पाहुण्यांसाठी शेकोटी पेटवायचे आणि अवीला गायला बसवायचे. एका शनिवारी त्याचं गाणं रंगात आलेलं असताना मागून कोणीतरी खालचा सूर धरला. अवी हे सांगताना दरवेळी हसायचा. "वहिनी, वळून बघतो तर हा! हातात दुधाचा कॅन आणि गळ्यात तानपुरा!"

अवीचा आवाज उंच आणि सरळ होता. दत्तूचा जाड, तळाचा. एकट्या दत्तूला कोणी मुद्दाम ऐकलं नसतं, हे तो स्वतःच सांगायचा. पण अवीच्या आवाजाखाली तो आला की गाणं नीट मांडल्यासारखं वाटायचं, ताटाखाली पाट यावा तसं. त्यांचं ते गाणंही साधंच. 'वळणावर उभी ऱ्हाऊ नगं, धुकं लागंल डोळ्याला.' शब्द दत्तूचे, चाल अवीची. तिकोणा पेठेच्या अलीकडे पवनेच्या काठावर दत्तूच्या मेव्हण्याने ते फोनवर चित्रित केलं. त्यात दोघांच्या मागून एक म्हैस निवांत चालत जाते. ती कापून टाकायची राहून गेली. पुढे लोक म्हशीसाठीसुद्धा तो व्हिडिओ बघायचे.

फाल्गुनापासून सुपाऱ्या यायला लागल्या. कार्यक्रम ठरवण्याला सगळीकडेच सुपारी देणं म्हणतात, पण आमच्याकडे खरोखरची सुपारी येते. गावचे चार जाणते लोक येतात, देवापुढची सुपारी आणि नारळ हातात ठेवतात. आपण ती कपाळाला लावायची आणि देव्हाऱ्यात ठेवायची. कागद नाही, सही नाही. एकदा ठेवलेली सुपारी फिरवायची नाही. गाणारा आजारी पडला तर त्याने आजारी यायचं, अशी रीत. त्या वर्षी आमचा देव्हारा इतका भरला की यजमान म्हणाले, "देवांना वाटत असेल, आपण इथे भाड्याने राहतोय."

त्या दिवसांचा वास मला अजून आठवतो. चैत्रात मावळात राब भाजतात. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर पाला, गवत, शेण पसरून ते पेटवून देतात. उतारावर जागोजाग धुराचे बारीक दोरे उभे राहतात. दत्तू तालमीला यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला तो धूर असायचा आणि धुरात मिसळलेलं दूध. अवी नाक दाबायचा.

"अरे, अंघोळ करून येत जा की."

"करूनच आलोय. ह्यो वास आतला हाय."

अवी हसायचा आणि हसता हसता खोकायचा. आम्ही म्हणायचो, राबाचा धूर बाधला असेल. धुराचे दिवस सरले की खोकलाही जाईल, असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो होतो.

तालीम आमच्या मागच्या खोलीत असायची. कीबोर्ड दत्तू वाजवायचा. एकदा मी चहा घेऊन गेले. कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर एका कोपऱ्यात एरवी शून्य असतं, तिथे उणे एक दिसत होतं. उणं काही दिसलं की मी विचारल्याशिवाय राहत नाही. अवी अंगणात फोनवर बोलत होता.

"दत्तू, हे उणे एक कसलं?"

त्याने पडद्यावर तळहात ठेवला. "काय न्हाई वहिनी. हवामान. आज गारवा हाय ना."

पुढच्या आठवड्यात उणे दोन होतं.

"थंडी वाढली वाटतं."

"लय. मफलर काडा."

मग त्यानेच समजावून सांगितलं. मूळ गाणं काळी चार पट्टीत होतं, रेकॉर्डिंग तसंच आहे. बटण एकदा दाबलं की तेच गाणं पांढरी पाचवर येतं, अजून एकदा दाबलं की काळी तीनवर. बोटं होती तिथेच पडतात, ऐकणाऱ्या माणसाला काही जाणवत नाही, गाणाऱ्याचं मात्र ओझं तेवढं उतरतं.

"अव्याला वर जाया तरास व्हतोय. इचारलं तर न्हाई म्हनतो. मंग मीच दाबतो."

"आणि त्याला ते कळत नाही?"

"गानाऱ्याला कळत न्हाई व्हय, वहिनी? पन त्यो इचारत न्हाई. म्हनून मीबी सांगत न्हाई."

एक गोष्ट त्याने सांगितली नाही. ती मला हळूहळू उलगडली. अवी वर होता, तो खाली आला तर त्याला आरामच होणार. पण दत्तू आधीपासून तळाशी होता. गाणं जेवढं खाली जाईल तेवढं अवीचं वाचणार होतं आणि तेवढंच दत्तूचं जाणार होतं. उणे तीनवर दत्तूचे खालचे सूर गुरगुरल्यासारखे यायला लागले. काही तर लागतच नव्हते. नुसते ओठ हलायचे.

पाडवा झाल्यावर मी अवीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी घालून पाहिलं आणि पडद्यावर आम्हालाही दाखवलं. स्वरयंत्राच्या पडद्यांवर सूज होती आणि गाठी. आत्ता पूर्ण मौन धरलं तर बरं होईल, ते म्हणाले, आणि असंच गात राहिलात तर मी काही सांगू शकत नाही.

घरी येऊन मी म्हटलं, "सुपाऱ्या परत कर."

"देवाची सुपारी आहे, वहिनी."

"देवाला घसा कळतो," यजमान म्हणाले.

अवीने देव्हाऱ्यातल्या सुपाऱ्यांकडे पाहिलं. मग जे खरं होतं ते बोलला. "दोन वर्षं लोकांनी वाट बघितली. या वर्षी नाही गेलो तर पुढच्या वर्षी आमचं नाव कोणाच्या लक्षात राहणार? असं गाणं पुन्हा होईलच असं थोडीच आहे?"

दत्तू दाराशी उभा होता. "मी एकटा जातो की. तू बस."

"तुला एकट्याला ऐकायला कोण येईल रे?"

दुखवायचं म्हणून बोलला नाही तो. साधं विचारावं तसं विचारलं. दत्तूनेही साधंच उत्तर दिलं. "त्येबी खरंच हाय."

मी काही जत्रांना त्यांच्याबरोबर गेले. धूळ, गुलाल, भज्यांचा घाणा, पाळण्याचं कुरकुरणं, फुगे फोडायच्या बंदुकीचे बार. दिवे लागायच्या सुमाराला हे दोघं ट्रॉलीवर बांधलेल्या स्टेजवर चढायचे. एका गावात गाणं चालू असतानाच पुढे बसलेला एक म्हातारा ओरडला, "ए दुसऱ्या! हिरीतनं गातोस का काय रं?"

सगळे हसले. दत्तूने बोटं न थांबवता माइकमध्ये उत्तर दिलं, "व्हय आबा! औंदा पानी लय खोल गेलंय!"

हशा दुप्पट झाला. अवीसुद्धा हसला. मी बायकांत बसले होते, तिथून कीबोर्डचा पडदा दिसत नव्हता. पण त्यावर काय आकडा असणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मला हसू आलं नाही.

व्हिडिओखाली लोक लिहायला लागले, जाड आवाजवाल्याला काढा, तो गाणं बिघडवतो. मग मुंबईहून एका कंपनीच्या माणसाचा फोन आला. त्यांना फक्त अवी हवा होता. दुसऱ्या दिवशी अवीने हे दत्तूला सांगितलं तेव्हा दत्तू वायरी गुंडाळत होता.

"जा की मंग. मोटं काम हाय."

"आणि तू?"

"मी गेलो तर दूद कोन घालनार? लोनावळ्याचा चहा बंद पडंल."

अवीने त्या माणसाला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. हंगाम संपल्यावर कळवतो, एवढंच म्हणाला. दत्तूने पुन्हा तो विषय काढला नाही.

वैशाखातली शेवटची जत्रा पवनेच्या बाजूच्या एका गावात होती. धरणाचं पाणी खूप उतरलं होतं आणि काठच्या चिखलाला हातभर खोल भेगा होत्या. त्या दिवशी मी स्टेजच्या बाजूलाच उभी होते. पडद्यावर उणे चार होतं. पहिल्याच ओळीत, 'धुकं' या शब्दावर, अवीचा आवाज फाटला. त्याने पुन्हा सुरुवात केली. मान ताणलेली, गळ्याच्या शिरा वर आलेल्या, तोंड उघडं, आणि कर्ण्यातून नुसती हवा.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग शिट्ट्या सुरू झाल्या. "कोंबडं कापलं का काय!" मागून कोणीतरी ओरडलं. "घरी जावा!"

दत्तू उठला, त्याने माइक ओढून घेतला. "मंडळी, माफी करा. पट्टी माजी चुकली. मी लय खालची धरली, त्यात अवीभाऊचा गळा अडाकला. त्याची काय बी चूक न्हाई."

"तरी म्हनलं, ह्योच त्याला बुडवनार!" पुढचा एक जण म्हणाला, आणि लोकांनी ते लगेच उचललं.

अवी शेजारी उभा होता. बोलणं तर त्याला त्या वेळी शक्यच नव्हतं, तोंडात रक्ताची चव येत होती असं नंतर त्याने लिहून सांगितलं. पण मान हलवता आली असती. त्याने ती हलवली नाही.

स्वरयंत्राच्या पडद्यात रक्तस्राव झाला होता. पुण्याला ऑपरेशन झालं, मग मौन, मग व्यायाम, मग पुन्हा तपासणी. जखम भरली, पण भरताना तिथे जाड वण राहिला, आणि त्या वणातून आवाज येईना. मुंबईचा फोन पुन्हा आला नाही. दत्तू दर आठवड्याला यायचा, कधी बायकोला, सुनंदाला, घेऊन. दुधाची बरणी ओट्यावर ठेवायचा आणि अवीपाशी बसायचा. "तू बोलू नगं. मीच बोलतो." मग कुठली म्हैस आटली, कोणाच्या बांधावरून कोणाचं वाजलं, सगळं सांगायचा. गाण्याबद्दल चकार शब्द नाही.

गावोगाव मात्र एकच गोष्ट पक्की झाली: दत्तूने चुकीची पट्टी धरली आणि अवीचा गळा घालवला. त्याला पुन्हा कोणी सुपारी दिली नाही. गावच्या भजनातही त्याला माइकपासून लांब बसवायचे, थट्टेने, पण बसवायचे. आमच्या कामात घट निघाली की ती कोणाच्या तरी नावावर टाकल्याशिवाय वर्ष बंद करता येत नाही. ती घट दत्तूच्या नावावर पडली आणि तशीच राहिली.

मी अवीला एकदा म्हटलं, "तुला बोलता येत नाही, पण लिहिता येतं ना? चार ओळी टाक फोनवर."

त्याने बराच वेळ फोन हातात धरला. मग लिहून माझ्यापुढे केलं: 'आवाज आला की मी स्वतः सांगेन. माझ्या तोंडाने.'

तेव्हा डॉक्टरही म्हणत होते, सहा महिने जाऊ देत. मग म्हणाले, वर्ष जाऊ दे. मग ते काही म्हणेनासे झाले. अवी वाट बघत राहिला आणि आम्हीही त्याच्याबरोबर वाट बघत राहिलो. आवाज येईल तेव्हा दोन्ही गोष्टी एकदम सुटतील, असं आमच्या मनात होतं. वाट बघण्यात माणसाला काही तरी करत असल्यासारखं वाटतं, आणि तेवढ्यात वर्षं जातात.

यंदा चैत्रात दत्तूच्या गावाने अवीचा सत्कार ठरवला. नारळ घेऊन दत्तूच आला होता. "पोरांची इच्छा हाय. नुसतं फेटा बांदून बसायचं. दुपारचं, कुस्त्यांच्या आदी." अवी नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. त्याने मान डोलावली.

आम्ही तिघं गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाजलेले राब काळे पडले होते. देवळासमोर मांडव होता, पलीकडे आखाड्याची माती शिंपून ठेवली होती, आणि हलगीवाले उन्हात हलग्या तापवत होते. मी बायकांत बसले. सुनंदाने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. अवीला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. दत्तू स्टेजच्या कडेला उभा राहून लोकांना पाणी देत होता.

माइकवरच्या गृहस्थाने मग सत्कारानंतर सगळेच म्हणतात ते म्हटलं. "आता अवीभाऊ आपल्याला दोन शब्द सांगतील." म्हणून झाल्यावर त्याने जीभ चावली. मांडवात कुजबुज झाली. दत्तूने तांब्या खाली ठेवला आणि हाताने नको नको करत तो पुढे आला. पण अवी उठला होता, आणि माइक त्याच्या हातात होता.

"त्या वर्षी दत्तूने पट्टी चुकवली नव्हती," तो म्हणाला. "माझा गळा जात होता म्हणून तो माझ्यासाठी खाली आला. स्वतःचं गाणं घालवून आला. मला तेव्हाच माहीत होतं. मी गप्प बसलो."

मला शब्द न् शब्द कळला. कर्ण्यातून बाहेर आली ती मात्र नुसती घरघर, वाऱ्यात पत्रा हलावा तशी. पुढची पोरं फिदीफिदी हसली, कोणीतरी त्यांना गप्प केलं. मग मागून आवाज यायला लागले.

"काय म्हनला?"

"कळंना."

"मशीन बिगाडलं जनू."

"आरं दत्तू, तुला समजतं की त्याचं! सांग काय म्हनला ते!"

सगळ्या मांडवाने दत्तूकडे पाहिलं. अवीने माइक त्याच्यापुढे धरला. स्वतःहून धरला, आणि हात लांब करून उभा राहिला. दत्तूने तो घेतला. अवीकडे एकदा पाहून तो मांडवाकडे वळला.

"भाऊ म्हनत्यात," तो म्हणाला, "जत्रा लय झ्याक झाली. आमच्यावं असाच लोभ ऱ्हाऊ द्या."

टाळ्या पडल्या. अवी जोरजोरात मान हलवायला लागला, नाही, नाही. लोकांना वाटलं, केवढा हा विनय. टाळ्या आणखी वाढल्या. हलगीवाल्यांनी तोच इशारा समजून हलग्या सुरू केल्या. दत्तूने माइक बंद केला आणि अवीच्या खांद्यावरून घसरलेली शाल सारखी केली.

सुनंदा माझ्याकडे झुकली. "वहिनी, भाऊ काय म्हनलं ते तुमाला कळलं का वं?"

"कळलं."

"मलाबी," ती म्हणाली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, आणि सगळ्यांबरोबर तीही टाळ्या वाजवायला लागली.